दिव्यांग कर्मचाऱ्याच्या एबल खात्यात कंपनीचे पैसे: कसे मागायचे, कसे द्यायचे

अमेरिकेत एसएसआय (कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना आणि वृद्धांना सरकारकडून मिळणारी मासिक मदत) घेणाऱ्या एकट्या दिव्यांग माणसाच्या नावावर २,००० डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. त्यामुळे आपल्या कितीतरी मराठी घरांत मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की आनंदाआधी धास्ती येते. पगार खात्यात साचला तर एसएसआय जाईल, आणि त्याच्यामागे मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा. मग आईवडीलच मॅनेजरला सांगतात, तास वाढवू नका, बोनस नको, दिवाळीला गिफ्ट कार्ड दिलंत तरी पुरे. उत्तम काम करणाऱ्या माणसाची बढती त्याच्याच घरचे अडवतात, आणि तेही केवळ त्याच्या काळजीपोटी. मला हे फार लागतं, कारण यातला निम्म्याहून जास्त तिढा सोडवायची सोय कायद्यात आहे.

ती सोय म्हणजे एबल खातं, दिव्यांग व्यक्तीच्या नावाचं खास बचत खातं. १९ डिसेंबर २०१४ रोजी त्याचा कायदा झाला आणि जून २०१६ मध्ये ओहायो राज्याने पहिली योजना सुरू केली. या खात्यातली शिल्लक एसएसआय आणि मेडिकेडच्या मालमत्तेत धरत नाहीत. एसएसआयसाठी ही सूट १,००,००० डॉलरपर्यंत आहे. खात्यात खुद्द खातेदार, आईवडील, मावशी, मित्र, कुणीही पैसे भरू शकतं, आणि नोकरी देणारी कंपनीसुद्धा. कंपनीच्या या पैशांबद्दल मराठीत फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख. नोकरी करणाऱ्या दिव्यांग व्यक्तीच्या घरच्यांसाठी तो आहे, आणि दुकान, मोटेल, दवाखाना किंवा सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या आपल्या मंडळींसाठीही. आकडे २०२६ सालचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, तेव्हा पुढच्या वर्षी वाचत असाल तर नवे बघून घ्या.

पायरी १: खातं उघडता येतं का?

अपंगत्व वयाच्या ४६ व्या वाढदिवसाआधी सुरू झालेलं असलं पाहिजे. २०२५ अखेरपर्यंत ही अट २६ वर्षांची होती, ती १ जानेवारी २०२६ पासून वाढली. पूर्वी चौकशी करून नकार मिळालेल्यांनी आता पुन्हा बघावं. चाळिशीत पक्षाघात झालेले, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) किंवा पार्किन्सनचं निदान झालेले लोक आता बसू शकतात. आजचं वय कितीही असो, सुरुवात कधी झाली ते महत्त्वाचं.

त्या वयाआधीच्या अपंगत्वावर एसएसआय किंवा एसएसडीआय (कामातून भरलेल्या सोशल सिक्युरिटी करावर मिळणारा दिव्यांग लाभ) मिळत असेल, तर प्रश्नच नाही. मिळत नसेल तर डॉक्टरांच्या सहीचं निदान लागतं, आणि अपंगत्व गंभीर व किमान १२ महिने टिकणारं असल्याचं प्रमाणित करावं लागतं. बहुतेक योजनांमध्ये हे प्रमाणन तुम्ही स्वतः फॉर्मवर करता. डॉक्टरांचा कागद पाठवायचा नसतो, पण घरी फाइलमध्ये हवाच. उद्या विचारणा झाली तर तोच दाखवावा लागतो.

अमेरिकन नागरिकत्व ही एबलची अट नाही. एसएसआयचं मात्र वेगळं आहे. ग्रीन कार्ड आहे म्हणून एसएसआय आपोआप मिळत नाही, त्याला साधारणपणे कामाचे ४० क्वार्टर (सोशल सिक्युरिटीत मोजल्या जाणाऱ्या कामाच्या तिमाही, साधारण दहा वर्षं) आणि इतर अटी लागतात. या दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत होते.

पायरी २: खातं आधी उघडा, मग कंपनीशी बोला

एका माणसाला एकच एबल खातं ठेवता येतं. दुसऱ्या राज्याची योजनाही चालते, कारण बऱ्याच योजना सगळ्या देशासाठी खुल्या आहेत. आपल्या राज्यात भरलेल्या रकमेवर राज्याच्या करात सवलत मिळते का, हे आधी बघा. मिळत नसेल तर फी आणि डेबिट कार्डाची सोय यांवर निवड करा. खातेदार सज्ञान असेल आणि समजून सही करू शकत असेल तर त्यानेच उघडावं. नाहीतर मुखत्यारपत्रधारक, गार्डियन, जोडीदार, पालक, भावंडं, आजीआजोबा किंवा एसएसआयचा रिप्रेझेंटेटिव्ह पेयी (खातेदाराच्या वतीने ते पैसे घ्यायला नेमलेला), या क्रमाने दुसऱ्याला उघडता येतं.

खातं उघडल्यावर दोन आकडे मिळवा: राउटिंग नंबर आणि अकाउंट नंबर. कंपनीच्या पेरोल विभागाला यापलीकडे खरं तर काहीच लागत नाही.

पायरी ३: कंपनीचे पैसे एबलमध्ये हवेत की ४०१(के) मध्ये?

इथे थांबून विचार करा. घाईत घेतलेला निर्णय पुढे जड जातो.

कंपनी ४०१(के) या निवृत्तीच्या बचत योजनेत जी मॅच (कर्मचाऱ्याच्या भरण्याच्या जोडीला कंपनीची रक्कम) भरते, तिच्यावर भरताना कर लागत नाही. एबलमध्ये कंपनीने भरलेल्या पैशांना संघीय कायद्यात अशी सूट नाही. ती रक्कम पगार समजली जाते, डब्ल्यू-२ या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर येते आणि तिच्यावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जातात. नुसता कराचा विचार केला तर ४०१(के) सरस.

पण ४०१(के) मधले पैसे काढता येण्यासारखे झाले की एसएसआय ते मालमत्तेत धरू शकतं. नोकरीत असताना काढायची परवानगी नसेल तर सहसा अडचण येत नाही. नोकरी सुटते तेव्हा येते. खात्यात २,६०० डॉलर साचलेत, आता ते काढता येतात, म्हणजे २,००० ची मर्यादा ओलांडली आणि पुढच्या महिन्यापासून एसएसआय बंद. नोकरी गेली तेव्हाच आधारही गेला.

आणखी एक खोच आहे. नोकरी करणारा खातेदार नेहमीच्या वार्षिक मर्यादेवर स्वतःच्या कमाईतून जादा रक्कम भरू शकतो. पण त्या वर्षात त्याच्या नावे ४०१(के) मध्ये किंवा तशाच ४०३(बी), ४५७(बी) योजनांमध्ये एक डॉलर जरी पडला, त्याचा असो की कंपनीचा, तरी ही जादा सोय त्या वर्षापुरती जाते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीनंतर सुरू झालेल्या बहुतेक ४०१(के) योजनांना आता नव्या कर्मचाऱ्याला आपोआप सामील करून घ्यावं लागतं. १० किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या किंवा तीन वर्षांहून नव्या कंपन्यांना यातून सूट आहे. म्हणजे तुम्ही कुठेही सही न करता ३ टक्के कपात सुरू झालेली असू शकते. पहिल्याच आठवड्यात एचआरकडे ‘सामील व्हायचं नाही’ असा फॉर्म मागा. कपात सुरू झालीच असेल तर ती परत घ्यायची मुदत योजनेच्या कागदात दिलेली असते. ती फार तर ९० दिवसांची असते.

माझं मत सांगते. एसएसआय किंवा मालमत्ता बघणारं मेडिकेड मिळत असेल तर कंपनीचे पैसे एबलमध्येच घ्या. फक्त एसएसडीआय असेल, किंवा सरकारी मदतच नसेल, तर आधी ४०१(के) ची मॅच पूर्ण घ्या, कारण ती सोडणं म्हणजे पगार सोडणं, आणि एबलला मालमत्ता-मर्यादेची भीती नसलेल्या बचतीचा दुसरा डबा म्हणून वापरा. जादा मर्यादा जाईल या भीतीने ४०१(के) सोडू नका. ती मर्यादा ज्या घरात वर्षाला २०,००० डॉलरच्या वर भरणा होतो त्यांनाच लागते.

पायरी ४: कंपनीकडे मागणी कशी करायची

तोंडी बोलून हे काम होत नाही. बहुतेक एचआर विभागांनी एबल हा शब्द ऐकलेला नसतो, आणि न कळलेल्या गोष्टीला ‘आमच्याकडे असं नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. अर्ध्या पानाचं ईमेल लिहा आणि त्यात दोन मागण्या वेगवेगळ्या मांडा.

पहिली: माझ्या पगारातून दरवेळी अमुक रक्कम या खात्यात थेट जमा करा. ही साधी डायरेक्ट डिपॉझिटची विभागणी आहे, पगार दोन बँकांत वाटून घेतात तशीच. तिला कंपनीला खर्च नाही आणि धोरणही लागत नाही. ती सहसा लगेच मान्य होते.

दुसरी: ४०१(के) मध्ये मी सामील नाही, तर तुम्ही इतरांना जी मॅच देता तेवढी रक्कम माझ्या एबल खात्यात करपात्र पगार म्हणून द्याल का? ‘करपात्र पगार म्हणून’ हे शब्द विसरू नका. अकाउंटंटची पहिली शंका हीच असते की यासाठी नवी योजना दाखल करावी लागेल का. हे शब्द वाचले की त्याला कळतं, आपण पगारात एक ओळ वाढवतोय.

निदान सांगायची गरज नाही. आजाराचं नाव, डॉक्टरांचं पत्र, एसएसआयचा कागद यातलं काहीही जोडू नका. मुलगा किंवा मुलगी स्वतः बोलू शकत असेल तर ईमेल त्यांच्याच नावाने जाऊ द्या. पालकाने एचआरला फोन करण्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं, आणि तो हक्कही त्यांचाच आहे.

पायरी ५: तुम्ही स्वतः मालक असाल तर

धोरण एका पानात लिहून काढा. कोणाला मिळेल (ज्याचं स्वतःचं एबल खातं आहे अशा कुणाही कर्मचाऱ्याला), किती मिळेल आणि कधी. रकमेचे दोन प्रकार लहान धंद्याला झेपतात: ठरावीक मासिक रक्कम, किंवा कर्मचाऱ्याने भरलेल्या दर डॉलरमागे ५० सेंट, वर्षाला अमुक मर्यादेपर्यंत. पहिला प्रकार मला जास्त आवडतो. कमी पगाराच्या माणसाला आधी स्वतः भरून मग मॅच मिळवणं जड जातं.

‘एकाला दिलं तर बाकीचे तक्रार करतील का?’ हा प्रश्न मालक हमखास विचारतात. अपंगत्व नाही म्हणून आपल्यावर भेदभाव झाला, असा दावा दिव्यांगांच्या हक्काच्या कायद्याखाली करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे. तरीही धोरण एकदा बेनिफिट्सच्या वकिलाला दाखवा, विशेषतः आधीच ४०१(के) योजना चालवत असाल तर.

पेरोलमध्ये नवा करपात्र कमाईचा कोड उघडा. समजा तो ‘एबल कंपनी’. पगाराच्या स्लिपवर वरच्या भागात ही रक्कम कमाई म्हणून दिसली पाहिजे, आणि खाली तेवढीच रक्कम निव्वळ पगारातून एबल खात्याकडे गेलेली दिसली पाहिजे. वरची ओळ राहून गेली तर डब्ल्यू-२ चुकतो, आणि त्याची दुरुस्ती जानेवारीत करणं तुम्हाला आणि त्या घराला सारखंच त्रासाचं. तुमच्या बाजूचे ७.६५ टक्केही खर्चात धरा. धंद्याच्या हिशेबात हा सगळा पगारखर्चच आहे.

कर्मचाऱ्याचं एबल खातं आहे ही माहितीच त्याच्या अपंगत्वाची माहिती आहे. ती नेहमीच्या फाइलमध्ये ठेवू नका, वेगळी आणि बंद ठेवा. सुपरवायझरला ती कळायची गरज नाही.

पायरी ६: एसएसआयचा हिशेब

कंपनीचे पैसे थेट एबलमध्ये गेले म्हणजे एसएसआयला ते दिसणार नाहीत, असं समजू नका. शिल्लक आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एबल शिल्लक झाकतं, पण पगार हा पगारच राहतो. स्वतःच्या पगारातून वळवलेली रक्कमही एसएसआय पूर्ण पगारातच मोजतं. कंपनीने कामाबद्दल दिलेली जादा रक्कम डब्ल्यू-२ वर येते, तेव्हा तीही पगार धरूनच हिशेब करा आणि स्लिपसह कळवा.

उदाहरण घेऊ. समजा केदार २४ वर्षांचा आहे, किराणा दुकानात काम करतो, महिन्याला १,२०० डॉलर मिळवतो आणि त्याला दुसरं उत्पन्न नाही. २०२६ मध्ये एसएसआयचा संघीय भाग ९९४ डॉलर आहे. पगारातून आधी ८५ डॉलर वजा करतात, उरलेल्याचं निम्मं मोजतात. १,२०० वजा ८५ म्हणजे १,११५, त्याचं निम्मं ५५७.५०. केदारला एसएसआय मिळतं ४३६.५० डॉलर.

आता दुकानदार दरमहा १०० डॉलर त्याच्या एबलमध्ये टाकू लागला. मोजायचा पगार १,३०० झाला, एसएसआय उतरलं ३८६.५० वर. म्हणजे ५० डॉलर कमी. शिवाय ७.६५ डॉलर कपात. प्राप्तिकर नाही, कारण वर्षाचा पगार स्टँडर्ड डिडक्शनच्या (सगळ्यांना मिळणाऱ्या सरसकट करवजावटीच्या) आत आहे. दुकानदाराच्या शंभरातले ४२.३५ डॉलर केदारच्या घरात खरोखर वाढले. कमी वाटतात, पण एबलमध्ये पूर्ण १०० पडले आणि वर्षाला १,२०० साचले, जे पूर्वी साचूच शकत नव्हते. हातातली रोकड मात्र महिन्याला ५७.६५ ने घटली, हे घरखर्च बसवताना ध्यानात ठेवा. ती तूट एबलमधूनच भरता येते, कारण भाडं, प्रवास, औषधं, फोन हे खर्च त्यातून चालतात.

याच्या उलट, केदारच्या आत्याने थेट एबलमध्ये १०० डॉलर भरले तर एसएसआय एका सेंटनेही कमी होत नाही. आजीने तेच १०० केदारच्या हातात दिले तर मात्र ते उत्पन्न ठरतं. तेव्हा मुंजीला, वाढदिवसाला, पुण्याहून येणाऱ्या आहेराला एकच पत्ता द्या, एबलचा. बाहेरच्या कुणी दिलेली भेट एबलमध्ये पूर्ण वाचते, कंपनीचा मोबदला मालमत्तेच्या मर्यादेतून वाचतो पण उत्पन्नात मोजला जातो. हा फरक दुकानदाराला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगा.

पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवा. उशीर झाला की जास्त दिलेले पैसे परत करा असं पत्र येतं, आणि ती रक्कम पाहून लोक नोकरीच सोडायला निघतात. नोकरी सोडू नका. पगारामुळे एसएसआयची रक्कम शून्यावर आली तरी राज्याच्या उत्पन्न-मर्यादेपर्यंत मेडिकेड चालू ठेवायची तरतूद आहे. एसएसआय कार्यालयात १६१९(बी) या कलमाचं नाव घेऊन विचारा.

आईवडिलांच्या सोशल सिक्युरिटीवर दिव्यांग मुलाला पैसे मिळत असतील तर वेगळी रेघ सांभाळावी लागते. तिथे शिल्लक कितीही चालते, पण महिन्याची कमाई १,६९० डॉलरच्या वर गेली (अंधत्व असल्यास मर्यादा जास्त आहे) तर तो लाभ धोक्यात येतो. कंपनीच्या जादा रकमेने ती रेघ ओलांडली जाते का, ते होकार देण्याआधी बघा.

पायरी ७: वर्षाची मर्यादा सांभाळणं

२०२६ मध्ये सगळ्यांनी मिळून भरायची मर्यादा २०,००० डॉलर आहे. आईबाबा, आत्या, कंपनी, सगळ्यांची बेरीज यात. शिवाय ४०१(के) ची आडकाठी नसेल तर खातेदाराला स्वतःच्या कमाईएवढे, पण फार तर १५,६५० डॉलर जादा भरता येतात (अलास्का आणि हवाईत हा आकडा मोठा आहे). ही जादा जागा खातेदाराच्या स्वतःच्या भरण्यासाठी आहे, म्हणून कंपनीची रक्कम २०,००० मध्येच मोजा.

मर्यादा मोडली तर जादा रक्कम तिच्यावरच्या कमाईसह करविवरणाच्या मुदतीआधी परत काढावी लागते, नाहीतर ६ टक्के दंड. डिसेंबरच्या शेवटच्या पगारातली रक्कम जानेवारीत पोचली तर ती नव्या वर्षात धरली जाते, तेव्हा वर्षअखेरचा भरणा डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरका. घरात एकाच माणसाने वही ठेवावी: तारीख, कोणी, किती. योजनेकडून पुढे वर्षभराच्या भरण्याचा ५४९८-क्यूए फॉर्म येतो, त्याच्याशी ती ताडून बघा.

सेव्हर्स क्रेडिट ही करसवलत खातेदाराच्या स्वतःच्या भरण्यावर मिळते, कंपनीच्या नाही. आईवडिलांनी मुलाला डिपेंडंट दाखवलं असेल तर तीही मिळत नाही. तरी त्या सवलतीचा ८८८० फॉर्म एकदा तपासून बघा.

पायरी ८: काढताना

अपंगत्वाशी संबंधित खर्च ही व्याख्या उदार आहे: घर, शिक्षण, प्रवास, नोकरीचं प्रशिक्षण, मदतनीस, उपकरणं, आरोग्य, वकील. याबाहेर खर्च केला तर वाढलेल्या भागावर कर आणि १० टक्के दंड बसतो. पावत्यांचे फोटो काढून ठेवा.

घरभाड्याचे पैसे ज्या महिन्यात काढाल त्याच महिन्यात द्या. २९ तारखेला काढून १ तारखेला भाडं दिलं तर ते पैसे नव्या महिन्यात मालमत्ता म्हणून मोजले जातात. याच कारणाने साध्या बँक खात्यातली जादा शिल्लक एबलमध्ये महिन्याच्या २५ तारखेच्या आत हलवा. एसएसआय महिन्याच्या पहिल्या क्षणाची शिल्लक बघतं, आणि पैसे पोचायला दोन-तीन दिवस जातात.

खात्यात १,००,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली आणि ती जादा रक्कम धरून मालमत्ता २,००० च्या पुढे गेली, तर एसएसआय थांबतं, पण रद्द होत नाही आणि मेडिकेड चालू राहतं. शिल्लक खाली आली की एसएसआय पुन्हा सुरू. खातेदाराच्या मृत्यूनंतर, खातं उघडल्यापासून मेडिकेडने केलेला खर्च राज्य या खात्यातून मागू शकतं. काही राज्यांनी हा हक्क सोडला आहे. मोठी वारसा रक्कम इथे ठेवू नका, ती स्पेशल नीड्स ट्रस्टमध्ये (दिव्यांग व्यक्तीसाठीच्या विश्वस्त निधीत) ठेवा आणि एबल रोजच्या खर्चाला, पगाराला आणि कंपनीच्या पैशांना वापरा.

नोकरी बदलली तर खातं तसंच राहतं, ते कंपनीचं नसतं. नव्या एचआरला तेच दोन आकडे द्या, पहिल्या आठवड्यात ४०१(के) चा नकार फॉर्म भरा, आणि जुन्या कंपनीचा शेवटचा भरणा कोणत्या तारखेला पडला ते वहीत लिहा.